घरच्या भात्यावरची दुचाकी

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याने जाणाऱ्या दुचाक्या नुसत्या पाहत उभे राहिले, तरी पुण्याच्या यंत्रसंस्कृतीचा एक छेद डोळ्यांपुढे येतो. पौडमार्गे येणाऱ्या, मुळशी धरणाच्या पाण्याला वळसा घालून विळ्याकडे उतरणाऱ्या या गाड्यांत अलीकडे एक जुना तोंडवळा पुन्हा दिसू लागला आहे : गोल दिवा, थेंबासारखी टाकी, सपाट बैठक, उघडा सांगाडा. हा जुनेपणा कारखान्यांनी विकायला काढलेला आहे. ज्या दुचाकीचा सांगाडा कोणी आपल्या घरामागच्या पडवीत नळ्या वाकवून आणि जोडून केला आहे, अशी गाडी मात्र या रांगेत सहसा आढळत नाही. अमेरिकेत घरी बांधलेली बुटकी दुचाकी ही दोन-तीन पिढ्यांची हौस आहे. आपल्याकडे लोहारही होते, हौसही होती आणि भंगाराला तर कधीच तोटा नव्हता. मग ही परंपरा इथे का रुजली नाही? आधुनिक महाराष्ट्राने लोहाराच्या हाताला कोणती जागा देऊ केली, हे या प्रश्नाच्या पोटात दडलेले आहे, म्हणून तो विचारण्याजोगा वाटतो.

‘मिनीबाइक’ या नावाने ओळखली जाणारी ही दुचाकी जन्माला आली ती मात्र लाडाकोडात नव्हे, युद्धात. १९४२ साली ब्रिटिशांनी छत्रीधारी सैनिकांसाठी ‘वेलबाइक’ तयार केली. ९८ सीसीचे व्हिलियर्स इंजिन, सुमारे बत्तीस किलो वजन, आणि विमानातून टाकायच्या नळकांड्यात मावावी म्हणून मिटणारे हँडल व खाली सरकणारी बैठक. बर्मिंगहॅमच्या एक्सेलसियर कंपनीने अशा साडेतीन हजारांहून अधिक गाड्या बनवल्या. रणांगणावर तिचा फारसा प्रभाव पडला नाही. इवल्याशा चाकांना खडबडीत जमीन झेपत नव्हती. युद्धानंतर तिचीच नागरी बहीण ‘कॉर्गी’ या नावाने काही वर्षे विकली गेली. १९६१मध्ये होंडाने तोक्योजवळच्या तामा टेक या करमणूक-उद्यानासाठी पाच इंची चाकांची झेड-१०० ही गाडी केली. तिच्यावर बसलेला मोठा माणूस माकडासारखा दिसतो, म्हणून तिला ‘मंकी’ हे नाव पडले आणि ते टिकले.

अमेरिकेत गोष्ट निराळ्या वाटेने गेली. तिथे अंगणातले गवत कापण्याच्या यंत्रांची ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, टेकम्से यांची साधी इंजिने घरोघरी होती. यंत्र निकामी झाले, तरी इंजिन उरे. वेगाबरोबर आपोआप पकडणारा केंद्रोत्सारी क्लच, एक साखळी, दोन लहान चाके आणि इंचभर व्यासाच्या पोलादी नळीचा सांगाडा, एवढ्यावर गाडी उभी राही. हौशी मासिके तिचे आराखडे छापत. साठच्या दशकात बाप आणि मुलगा मिळून शनिवार-रविवारी ती बांधत. आज जिला ‘जुन्या घाटाची’ मिनीबाइक म्हणतात, ती हीच. तिला कमान नाही, धक्के शोषणारे काही नाही. काही गाड्यांना ब्रेक म्हणून मागच्या टायरवर दाबणारी पत्र्याची पट्टी तेवढी असे. ताम्हिणीच्या ओल्या उतारावर त्या पट्टीचा काय उपयोग झाला असता, हे ज्याने तो उतार पाहिला आहे त्याला सांगायला नको. ज्या गावात २०२४च्या जुलैत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला, तिथे रबरावर घासून थांबणारी गाडी हा विनोदच ठरेल.

परंतु सांगाड्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण कसब त्यात आहे. इंजिन विकत मिळते, चाके मिळतात. सांगाडा करावा लागतो. प्रथम जमिनीवर किंवा प्लायवूडच्या फळीवर खडूने पूर्ण आकाराचे रेखाटन. मग नळीची निवड. पाण्याचा जस्ताचा मुलामा असलेला पाइप सर्वांत सहज मिळतो आणि तोच सर्वांत घातक. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते आणि ती छातीत गेलेला कारागीर रात्री तापाने फणफणतो. साध्या पोलादाची, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची नळी घ्यावी. नुसती वाकवली तर ती चेपते, म्हणून जुने कारागीर तिच्यात वाळू ठासून दोन्ही तोंडांना लाकडी बुचे मारत आणि मग तापवून वाकवत. ही वाळू खडखडीत कोरडी हवी. ओल राहिली, तर आतल्या वाफेने बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते. नळीला नळी जिथे भिडते तिथे तिचे तोंड माशाच्या तोंडासारखे कानसेने कोरावे लागते. फट राहिली की जोड वरून चांगला दिसतो, पण भार पेलत नाही. जोडही एका दमात पुरा करायचा नसतो. आधी नुसते टाके, एक डावीकडे, एक उजवीकडे, कारण थंड होणारा जोड नळीला आपल्या बाजूला ओढतो आणि घाई करणाऱ्याचा सांगाडा पिळवटतो. दोन्ही चाके एका प्रतलात आहेत की नाहीत, हे पाहायला सुतळी आणि गवंड्याचा ओळंबा पुरतो.

यात खरी विद्या आहे ती हँडलच्या कलाची. हँडल ज्या आखूड नळीत फिरते तिची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक जिथे टेकते त्याच्या किंचित पुढे ती पडली पाहिजे. मग चाक त्या रेषेच्या मागे ओढले जाते आणि गाडी सरळ धावते. चाक लहान झाले की हे अंतरही आपोआप घटते. म्हणून मोठ्या मोटारसायकलचे कोन जसेच्या तसे उचलून बुटक्या गाडीला लावले, की ती वेगात थरथरू लागते. हे गणित पुस्तकात आहेच. पण गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ती किती तापवायची आणि किती आवळू द्यायची, हे ज्या लोहाराला पुस्तकावाचून कळत होते, त्याला हे शिकायला फार काळ लागला नसता.

या लोहाराला आपल्या वाङ्मयात जागा मिळाली ती बलुतेदार म्हणून. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाचे नावच गाड्याचे आहे. त्यात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आली आहे. पुढे देशीवादाची एवढी चर्चा झाली, पण लोहाराच्या भात्यापाशी घडणारे ज्ञान ‘देशी’ या शब्दात कितपत धरले गेले, अशी शंका येते. उलट, शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याच्या कथेला समकालीन भरभक्कम पुरावा नसताना तिच्यावर २०१५मध्ये चित्रपट निघतो. न उडालेल्या विमानाचा आपल्याला अभिमान, आणि गावोगाव चालणाऱ्या गाड्याचा कर्ता मात्र निनावी! ‘जुगाड’ हा अलीकडे कौतुकाने वापरला जाणारा उत्तरेकडचा शब्दही मला यासाठीच खटकतो. त्यात हुशारीची दाद आहे, कसबाची नाही.

आता महाराष्ट्रातल्या छोट्या दुचाकीकडे येऊ. पडद्यावरून ती आली १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटातून. एस्कॉर्ट्‌सची राजदूत जीटीएस १७५ ही बुटकी गाडी त्यात दिसली आणि ‘बॉबी’ म्हणूनच ओळखली गेली. ती शौकिनांची गाडी राहिली. खरी छोटी दुचाकी त्याच्या वर्षभर आधी, १९७२ साली आली होती : फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची ‘लूना’. पन्नास सीसी, शिवाय पायटे. चढावर इंजिन दमले की माणसाने पाय मारायचे. त्या वेळचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, हे तिचे गाव. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या परवाना-काळात शिक्षक, कारकून, विमा-प्रतिनिधी यांच्या हाती प्रथम आलेले यंत्र हेच. त्यानंतर आकुर्डीच्या बजाजची एम-८० दूधवाल्यांची गाडी झाली.

आणि इथेच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सांगाडा बांधण्याची परंपरा रुजली नाही असे आपण म्हणतो, पण एम-८०च्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या पेलणारे नळ्यांचे आणि सळ्यांचे जे कठडे गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत तयार झाले, ते सांगाड्याचेच काम होते. कारखान्याने एका माणसासाठी आणि थोड्या सामानासाठी आखलेल्या गाडीवर दुधाचा भार समतोल बसवणे, वळणावर किटली जमिनीला घासणार नाही असा कोन काढणे, हे आराखड्यावाचून झाले. फक्त ते हौसेसाठी नव्हते, पोटासाठी होते. म्हणून त्याची गणना ‘निर्मिती’त झाली नाही.

उरलेले अर्धे उत्तर कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६व्या नियमाप्रमाणे वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशी एक प्रमुख संस्था, एआरएआय, १९६६पासून पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. म्हणजे ताम्हिणीहून पौडमार्गे निघालेला रस्ता जिथे शहरात शिरतो, त्याच्या जवळच. पण ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला डोळ्यांपुढे ठेवून घडली. एकच गाडी करणाऱ्या माणसासाठी तिचे दार जवळजवळ बंद आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मूळ गाडीत मनाजोगते बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ अधिक घट्ट केला. एक बारीकशी फट मात्र आहे. चारांपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन या कायद्याच्या व्याख्येत ‘मोटार वाहन’च नाही. मुळशीत भाताच्या बांधावरचे गवत कापायला जी खांद्यावरची यंत्रे वापरतात, त्यांतल्या लहान इंजिनांची जात साधारण हीच. अमेरिकेतल्या मुलांनी गवताच्या यंत्रापासून सुरुवात केली होती. आपल्याकडे कायद्याने ठेवलेली जागाही तिथेच आहे! घाट चढायला मात्र एवढे इंजिन तोकडे पडेल.

हा निर्बंध निव्वळ जाचक आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. फुटलेला जोड बांधणाऱ्याच्याच नव्हे, समोरून येणाऱ्याच्याही जिवावर बेततो. तरीही एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला मर्यादित परवाना देण्याची रीत ब्रिटनसारख्या देशात आहे, आणि तिथले रस्ते त्यामुळे काही रक्तबंबाळ झालेले नाहीत.

या साऱ्याची कसोटी पाहणारी एक घटना सांगली जिल्ह्यात घडली. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी, दुचाकीच्या इंजिनावर चालणारी, जुन्या जीपच्या तोंडवळ्याची छोटी चारचाकी घरी बांधली. खर्च सुमारे साठ हजार रुपये. ती पायाने किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची दखल घेतली. नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल, असे सांगून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये हा बदल झाला, आणि लोहारांची गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रातील संग्रहात ठेवण्याचे जाहीर झाले. उदारपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण व्यवहाराचे स्वरूप पाहा : कारखान्याची गाडी रस्त्यावर आली आणि लोहाराची गाडी संग्रहात गेली.

देवराष्ट्र्याहून किर्लोस्करवाडी फार लांब नाही. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळची ओसाड जमीन देऊ केली, आणि १९१०मध्ये तिथे नांगरांचा कारखाना उभा राहिला. सायकल दुरुस्त करणारा माणूस काय करू शकेल, याची आधी कोणी परीक्षा घेतली नव्हती.