चटईक्षेत्राच्या हिशेबातले घर

मुंबईत गरिबाच्या घराचा खर्च कोण उचलतो, यावरून त्या घराची जागा, त्यातला उजेड आणि ते मिळण्याची वेळ ठरते. गृहनिर्माणाची चर्चा बहुधा किती घरे बांधली या आकड्यापाशीच थांबते. आकडा हा परिणाम आहे. कारण शोधायचे तर पैसा कुठून येतो, हे पाहावे लागते.

शंभर वर्षांपूर्वी तो सरकारी तिजोरीतून येत असे. १८९६च्या प्लेगने शहर हादरल्यावर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपले बीडीडी, आले. कर्ज उभारून आणि कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर घेऊन वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर २०७ चाळी बांधल्या गेल्या. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. झाल्या सुमारे १६,०००. खोली १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक. उणिवा पुष्कळ होत्या, पण घरमालक सरकार होते आणि भाडेकरूला दाद मागायची जागा ठाऊक होती.

पुढे ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाने डागडुजी सोडली आणि भाड्याची नवी घरे बांधली जाईनाशी झाली. शहरात येणाऱ्या कामगारासाठी झोपडी उरली. १९७१च्या कायद्याने तिथे नळ, शौचालय, गटार देण्याचा मार्ग खुला केला. १९८५च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने याहून शहाणा प्रयत्न झाला: वस्तीच्या सहकारी संस्थेला जमीन भाडेपट्ट्याने द्यायची आणि रहिवाशांनी ऐपतीप्रमाणे घर सुधारायचे. हा मार्ग मागे पडला, ही माझ्या मते मुंबईच्या गृहनिर्माणातली सर्वांत मोठी हानी आहे. त्यात सरकारचा खर्च थोडा होता आणि निर्णय राहणाऱ्याच्या हाती होता.

१९९५मध्ये दिशाच बदलली. ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घराचे आश्वासन दिले गेले, आणि त्यासाठी तिजोरीऐवजी चटईक्षेत्र वापरायचे ठरले. विकासकाने पुनर्वसनाचे एक चौरस मीटर बांधले, की शहरात ०.७५, उपनगरांत १ आणि धारावीत १.३३ चौरस मीटर विक्रीसाठी मिळे. घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९, आता ३००. पाव शतक उलटले तरी पूर्ण झालेली घरे तीन लाखांच्या आतच होती.

याचे कारण रचनेतच आहे. विक्रीच्या इमारतीतून नफा दिसला तरच पुनर्वसनाची इमारत उभी राहते. म्हणून वस्ती किती वाईट अवस्थेत आहे यापेक्षा तिच्याखालची जमीन किती महाग आहे, यावर योजनेचा क्रम लागतो. बाजार पडला की काम रखडते, घर सोडून गेलेल्यांचे भाडे थकते आणि संक्रमण शिबिरात मुले मोठी होतात.

भूखंडावरही तोच हिशेब चालतो. विक्रीच्या इमारतीला मोकळी, रस्त्यालगतची जागा हवी असते, म्हणून पुनर्वसनाच्या इमारती कोपऱ्यात खेटून उभ्या राहतात. मोकळ्या जागेचे नियम त्यांच्यासाठी सैल केले गेले. नियमावलीत हेक्टरी ५०० घरांची घनतेची मर्यादा होती, पण ती किमान होती, कमाल नव्हे! प्रकल्पग्रस्तांसाठी गोवंडी-मानखुर्दकडे उभारलेल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचे अंतर आढळते. तिथल्या अभ्यासात खालच्या मजल्यांवरच्या, ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांत क्षयरोग अधिक दिसला. बिल्डरने वाचवलेली जागा रहिवाशाच्या फुप्फुसांतून वसूल होते आहे.

घर हाती आल्यावर लिफ्ट, पंप, पाण्याची टाकी यांचा मासिक खर्च सुरू होतो. विकासकाने घरामागे २०,००० रुपये ठेव ठेवायची, असा सुरुवातीचा नियम होता. उंच इमारतीच्या देखभालीला तिचे व्याज कसे पुरणार? आणि झोपडीत भाड्याने राहणारा, किंवा ठरलेल्या तारखेनंतर आलेला, मोफत घराच्या यादीत बसतच नाही. तो पुढच्या वस्तीत जातो.

बीडीडीचा सध्याचा पुनर्विकास म्हाडा करते. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत आणि २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांचा ताबा दिला गेला. इथेही खर्चाचा भार विक्रीच्या घरांवरच आहे, पण उत्तरदायी संस्था सार्वजनिक आहे. झोपडपट्टी योजनांतही निदान तीन गोष्टी सौद्याबाहेर काढता येतील: घनतेची कमाल मर्यादा, दोन इमारतींमधले अंतर आणि संक्रमण काळाचे आगाऊ जमा केलेले भाडे. यामुळे काही प्रस्ताव तोट्यात जातील. ती तूट सरकारने भरावी, आणि पालिकेच्या व राज्याच्या मोकळ्या जमिनींवर कायम भाड्याची घरे पुन्हा स्वतः बांधावीत.