हार्लन यांच्या वाक्याचे वारस

अमेरिकेत वंशभेदावर वाद पेटला की उजव्या बाजूकडून एक वाक्य हमखास पुढे येतं : आपली राज्यघटना रंगांध आहे. सरकारनं नागरिकाच्या कातडीचा रंग पाहायचाच नाही; त्याला खाली ढकलण्यासाठीही नाही आणि वर उचलण्यासाठीही नाही. विद्यापीठातल्या प्रवेशापासून सरकारी कंत्राटांपर्यंत पुरोगाम्यांनी वंशाचा विचार करून जे जे उपाय सुचवले, त्या सगळ्यांवरचा पुराणमतवाद्यांचा आक्षेप या वाक्यावर उभा आहे. पण या वाक्याचं घराणं पुराणमतवादी नाही. ते गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांच्या घरात जन्मलं आणि साठ-सत्तर वर्षं तिथेच वाढलं. ते तिकडून इकडे कसं आलं हे पाहिल्याशिवाय आजच्या भांडणात कोणाचा किती हक्क आहे, हे ठरवता येत नाही.

१८९० मध्ये लुइझियाना राज्यानं कायदा केला : रेल्वेत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे. न्यू ऑर्लिन्समधल्या मिश्र वंशाच्या सुशिक्षित मंडळींनी नागरिकांची समिती काढून या कायद्याला आव्हान द्यायचं ठरवलं. ७ जून १८९२ रोजी जोडे शिवणारे होमर प्लेसी पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसले. त्यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एक आफ्रिकी वंशाचं होतं. दिसायला ते गोरेच. आपण कोण हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे अटक करवून घेतली. रेल्वे कंपनीलाही हा कायदा नकोच होता, कारण वेगळा डबा म्हणजे वेगळा खर्च.

त्यांचा खटला आल्बियन टूर्जे यांनी एक पैसा न घेता लढवला. टूर्जे ओहायोचे, यादवी युद्धात जखमी झालेले, नंतर नॉर्थ कॅरोलिनात न्यायाधीश आणि कू क्लक्स क्लानचे कट्टर वैरी, शिवाय गाजलेले कादंबरीकार. सर्वोच्च न्यायालयापुढच्या लेखी युक्तिवादात त्यांनी म्हटलं, की न्यायदेवतेला आंधळी दाखवतात, तर तिची लेक असलेला कायदा निदान रंगांध तरी असावा. वाक्याचं बीज हे.

त्याच युक्तिवादातला दुसरा एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. लुइझियानाच्या कायद्यात एक अपवाद होता : दुसऱ्या वंशाचं मूल सांभाळणाऱ्या आयांना तो लागू नव्हता. गोऱ्या बाळाला मांडीवर घेतलेली काळी दाई गोऱ्यांच्या डब्यात खुशाल बसू शकत होती. टूर्जे यांनी या अपवादावरच बोट ठेवलं. अडचण कातडीच्या रंगाची असती तर आयेचीही झाली असती, असं ते म्हणाले. काळा माणूस चाकर असला की चालतो, बरोबरीचा प्रवासी म्हणून बसला की सहन होत नाही. म्हणजे कायद्यानं रंग पाहू नये, आणि खरा प्रश्न रंगाचा नसून कोण कोणाच्या वर आहे याचा आहे, ही दोन्ही विधानं एकाच कागदावर, एकाच माणसाच्या हातची आहेत. पुढचं शतकभराचं भांडण म्हणजे याच कागदाची वाटणी आहे, असं मी म्हणेन.

१८ मे १८९६ रोजी निकाल लागला, सात विरुद्ध एक. डबे वेगळे असले तरी सोयी समान असल्या की झालं, असं बहुमत म्हणालं. एकटे जॉन मार्शल हार्लन विरोधात गेले. ते केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घरातले. युद्धात संघराज्याच्या बाजूनं लढले, पण गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्यांचा विरोध होता. युद्धानंतर त्यांचं मत पालटलं आणि १८७७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले. १८८३ मध्ये नागरी हक्कांचा कायदा न्यायालयानं रद्द केला, तेव्हाही ते एकटेच विरोधात होते. ते भिन्नमत लिहिताना लेखणी अडली, तेव्हा पत्नी मॅल्विना यांनी एक जुनी दौत पुसून, शाई भरून त्यांच्या टेबलावर ठेवली. ती दौत सरन्यायाधीश टॉनी यांची होती, ज्यांनी १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारलं होतं. त्या दौतीतल्या शाईनं मग लेखणी चालली, असं मॅल्विना यांनी आठवणींत नोंदवलं आहे.

प्लेसी खटल्यातल्या भिन्नमतात हार्लन यांनी टूर्जे यांचा शब्द उचलला आणि तो कायद्याच्या भाषेत कायमचा बसला. मात्र त्या परिच्छेदाची सुरुवात गोरा वंश प्रतिष्ठेत, शिक्षणात, संपत्तीत, सत्तेत श्रेष्ठ आहे आणि आपला वारसा जपला तर तसाच राहील, या कबुलीनं होते. मग हार्लन म्हणतात, कायद्याच्या नजरेत इथे कोणी वरचढ, सत्ताधारी वर्ग नाही. इथे जात नाही. आणि लगेच रंगांधतेचं ते वाक्य. जरा पुढे गेलं की चिनी लोकांचा उल्लेख येतो, आपल्यापासून इतका वेगळा वंश की त्यांना आपण नागरिकही होऊ देत नाही, अशा शब्दांत. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, जॉर्जियातल्या एका काउंटीनं कृष्णवर्णीयांचं हायस्कूल बंद करून गोऱ्या मुलींचं चालू ठेवलं, तेव्हा ते चालेल असा एकमुखी निकाल लिहिला तो हार्लन यांनीच.

‘जात’ हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. १८४९ मध्ये बॉस्टनच्या शाळांच्या खटल्यात चार्ल्स सम्नर यांनी वंशावरून मुलं वेगळी बसवण्याला जातच म्हटलं होतं आणि हिंदुस्थानातल्या ब्राह्मण-शूद्रांचा दाखला दिला होता. इकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. दोन्ही किनाऱ्यांवरच्या माणसांना एकमेकांची ओळख पटली होती.

प्लेसी यांनी जानेवारी १८९७ मध्ये गुन्हा कबूल केला, पंचवीस डॉलर दंड भरला आणि ते आपल्या संसाराला लागले. हार्लन यांचं वाक्य मात्र कृष्णवर्णीय वकिलांनी जिवापाड जपलं. नागरी हक्कांचे खटले लढवणारे थरगुड मार्शल मन खचलं की ते भिन्नमत मोठ्यानं वाचत, असं त्यांच्या सहकारी कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी सांगितलं आहे. १७ मे १९५४ च्या ब्राउन निकालानं शाळांतली विभागणी घटनाबाह्य ठरवली. पण न्यायालयानं हार्लन यांच्या वाक्याचा आधार घेतला नाही. वेगळं बसवल्यानं कृष्णवर्णीय मुलांच्या मनात रुजणाऱ्या हीनतेवर भर दिला.

या सगळ्या काळात पुराणमतवादी कुठे होते? बरेचसे पलीकडच्या बाजूला. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम बकली यांच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’नं संपादकीय लिहून दक्षिणेतल्या गोऱ्या समाजाला, तो अल्पसंख्य असेल तिथेही, सत्ता आपल्या हाती ठेवायचा हक्क आहे असं मांडलं. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं, राज्यांच्या आणि मालमत्तेच्या अधिकाराचं कारण देऊन. बकली यांनी उतारवयात आपली ती भूमिका चुकल्याचं मान्य केलं, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. पण रंगांधतेचा वारसा आज सांगणाऱ्यांनी ही पानं फाडून टाकू नयेत. वारसा सांगायचा तर उशिरा दत्तक आल्याचंही सांगावं.

दत्तकविधान झालं ते साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९६१ मध्ये केनेडी यांच्या आदेशात ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ हे शब्द प्रथम या अर्थानं आले, तेव्हा सरकारी कंत्राटदारानं वंश न पाहता कामावर घ्यावं, एवढंच त्यात होतं. १९६४ च्या कायद्यावर बोलताना सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी तर या कायद्यात कोटा निघाला तर आपण त्याची पानं एकेक करून खाऊ, असं सांगितलं होतं. पण कायदा होऊनही कामं मिळेनात. म्हणून १९६९ मध्ये फिलाडेल्फियातल्या जवळपास निव्वळ गोऱ्या बांधकाम संघटनांना वंशनिहाय भरतीची लक्ष्यं आणि मुदती आखून दिल्या गेल्या. हे केलं रिपब्लिकन निक्सन यांच्या सरकारनं. आता सरकार रंग मोजू लागलं होतं, आणि ते भल्यासाठी होतं.

इथे नेथन ग्लेझर यांच्यासारखी माणसं जागी झाली. ते मुळात न्यूयॉर्कच्या डाव्या वर्तुळातले समाजशास्त्रज्ञ. १९७५ च्या पुस्तकात त्यांनी विचारलं, की व्यक्तीला मिळालेला हक्क गटाच्या नावावर कधी चढवला गेला? यादीत कोणते गट, हे कोण ठरवणार आणि यादी कधी बंद होणार? आधुनिक पुराणमतवादी टीकेचा पाया या प्रश्नांत आहे आणि ते प्रश्न खरे आहेत. पुरोगाम्यांनी त्यांना फार वर्षं वंशद्वेषाचा मुखवटा म्हणून झटकलं, यात त्यांचंच नुकसान झालं. ग्लेझर यांनी पुढे नव्वदीत आपली भूमिका बदलली, कारण वंश न पाहता प्रवेश दिले तर नामांकित विद्यापीठांत कृष्णवर्णीय किती उरतील, या हिशेबानं ते अस्वस्थ झाले.

१९७८ च्या ‘बाकी’ खटल्यात हार्लन यांचं वाक्य उघडपणे घर बदलताना दिसतं. डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात शंभरपैकी सोळा जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. ॲलन बाकी या गोऱ्या अभियंत्याला दोनदा नकार मिळाला होता. न्यायालयानं कोटा मोडला, वंश हा अनेकांतला एक निकष म्हणून ठेवू दिला. थरगुड मार्शल आता न्यायाधीश होते. हार्लन यांचं भिन्नमत मोठ्यानं वाचणाऱ्या याच माणसानं लिहिलं, की देशानं शतकभर रंगांधता पाळलीच नाही, आणि उपाय करायची वेळ आल्यावर तिचं नाव घेणं न्याय्य नाही.

मार्शल यांच्या जागी १९९१ मध्ये आले क्लॅरेन्स थॉमस, जॉर्जियातल्या गरिबीतून वर आलेले, कृष्णवर्णीय आणि पक्के पुराणमतवादी. वकिली सुरू करायला निघालेल्या थॉमस यांना मोठ्या फर्म दारात उभं करेनात, कारण येलची पदवी त्यांना वंशामुळे मिळाली असेल, असा संशय घेतला जाई. त्यांनी त्या पदवीच्या चौकटीला सिगारच्या पाकिटावरची पंधरा सेंटची चिठ्ठी चिकटवून ठेवली. तिची किंमत तेवढीच म्हणून. मदतीचा हात घेणाऱ्याच्या कपाळावर शिक्का मारतो, ही टीका ज्यानं तो शिक्का सोसला त्याच्या तोंडून येते, तेव्हा ती ऐकूनच घ्यावी लागते. अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांची टीका वेगळ्या अंगाची. २००४ च्या पुस्तकात त्यांनी भारत, मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया तपासले आणि लाभ गटातल्या आधीच पुढारलेल्यांकडे सरकतो, मुदत संपत नाही, असं मांडलं. आपल्याकडच्या ‘क्रीमी लेअर’च्या वादात वाढलेल्या वाचकाला हे नवं नाही. फरक इतकाच, की आपल्या घटनेत मागासवर्गांसाठी खास तरतुदीची कलमं लिहिलेली आहेत. अमेरिकेच्या घटनेत तसं काही नाही. म्हणून तिथे सगळा भार समान संरक्षणाच्या चार शब्दांवर आणि हार्लन यांच्या एका परिच्छेदावर येतो.

२००७ मध्ये सिॲटल आणि लुईव्हिलच्या शाळांनी मुलं मिसळावीत म्हणून वंश पाहणं न्यायालयानं अडवलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यासाठी ब्राउन खटल्यातले वकील रॉबर्ट कार्टर यांचे १९५२ चे उद्गार वापरले. नव्वदीतले कार्टर तेव्हा हयात होते. आमचा युक्तिवाद यांनी डोक्यावर उभा केला, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. त्या वेळी वंश पाहिला जात होता तो फक्त काळ्यांना संधी नाकारण्यासाठी.

मला कार्टर यांचं म्हणणं पटतं. दाईच्या अपवादावर बोट ठेवणाऱ्या टूर्जे यांनाही ते पटलं असतं. ‘इथे जात नाही’ हे वाक्य गाळून त्याच्या शेजारचं तेवढं उचलणं म्हणजे अर्धाच वारसा घेणं. पण जातीचं वाक्य धरणाऱ्यांनीही दुसरं अर्धं सोडू नये : सरकारच्या हाती वंशाची वही द्यायची तर ती कोण तपासणार आणि कधी मिटणार, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत न्यायालयानं प्रवेशातला वंशाचा निकष मोडीत काढला. अन्याय झाला म्हणून मांडलेली बाजू आशियाई विद्यार्थ्यांची होती. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंही याच रकान्यात मोजली जातात. हार्लन यांनी ज्या चिन्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्या वंशजांच्या नावानं हार्लन यांचं वाक्य जिंकलं. थॉमस यांनी रंगांधतेचं सविस्तर समर्थन लिहिलं. न्यायाधीश केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी विरोधात लिहिलं, की कायद्यानं वंश अप्रस्तुत ठरवला म्हणून तो आयुष्यात अप्रस्तुत होत नाही.

पुढच्या वर्षी आकडे आले. एमआयटीत नव्या विद्यार्थ्यांतले कृष्णवर्णीय १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, ॲमहर्स्टमध्ये ११ वरून ३ वर. येलमध्ये १४ टक्क्यांवर ते जसेच्या तसे राहिले. खटला जिंकणाऱ्या संघटनेनं येल, प्रिन्स्टन आणि ड्यूकला पत्रं धाडून हे आकडे कसे टिकले याचा खुलासा मागितला. वंश पाहिला नाही याची खात्री करायला त्यांनाही वंशनिहाय आकडेच लागले. ज्या कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये सरकारी संस्थांत वंशानुसार प्राधान्य द्यायला बंदी घातली, तिथल्याच मतदारांनी २००३ मध्ये अशी वंशाची नोंदच बंद करण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकानं फेटाळला होता. बंदी मात्र त्यांनी २०२० मध्ये पुन्हा मत विचारल्यावरही कायम ठेवली.