‘हस्तलिखित दाखवा’ : ओसिअनचा वाद आणि लिस्मोरच्या डीनचे बाड

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांच्या 1773 मधील प्रवासाचे वर्णन सॅम्युअल जॉन्सनने 1775 साली प्रसिद्ध केले. गेलिक ही कधीच लेखनाची भाषा नव्हती आणि शंभर वर्षांहून जुने असे गेलिक हस्तलिखित जगात नाही, असा निर्वाळा त्याने त्यात दिला. रोख जेम्स मॅक्फर्सनवर होता. 1760 ते 1763 या काळात मॅक्फर्सनने तिसऱ्या शतकातील ओसिअन नामक कवीची महाकाव्ये म्हणून जे इंग्रजी गद्यकाव्य प्रसिद्ध केले, त्याने युरोपातील वाचक भारावून गेले होते. जॉन्सनची मागणी साधी होती : मूळ संहिता असेल तर ती दाखवा.

या वादाचा इतिहास सामान्यतः ‘लबाड भाषांतरकार आणि डोळस समीक्षक’ अशा सुटसुटीत साच्यात सांगितला जातो. एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये असलेले एक कागदी बाड हा साचा मोडते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या बाडात, म्हणजे वादाच्या वेळी दोनशेहून अधिक वर्षे जुन्या असलेल्या कागदांवर, ओसिअनच्या, गेलिक परंपरेतील ओशीनच्या, नावावरील कविता आहेत. जॉन्सनचे विधान त्याने सरळ खोटे ठरते. पण मॅक्फर्सनही त्यामुळे सुटत नाही. हे बाड त्याच्याच हातून पुढे गेले असे अभ्यासक मानतात, आणि तरीही ते पुरावा म्हणून पुढे करणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. हस्तलिखित हा मुका साक्षीदार असतो आणि ज्याच्या बाजूने उभे करावे त्याच्या बाजूने बोलतो, हा समज किती भाबडा आहे ते येथे दिसते.

बाडाचा मुख्य संग्राहक जेम्स मॅकग्रेगर हा पर्थशायरमधील ग्लेन लायन खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या फॉर्टिंगल गावचा धर्मोपदेशक. लिस्मोरचा डीन ही त्याची पदवी, आणि व्यवसायाने तो नोटरीही होता. भाऊ डंकन याच्या साहाय्याने त्याने साधारण 1512 ते 1542 या काळात हा संग्रह सिद्ध केला. त्यात स्कॉटलंडच्या आणि आयर्लंडच्या कवींची गेलिक रचना आहे, लॅटिन टिपणे आहेत, डनबार आणि हेन्रिसन या स्कॉट्स भाषेतील कवींचे तुकडेही आहेत. फिरस्त्यांकडूनसुद्धा पदे मिळवून वहीत उतरवावीत असे सुचवणारी एक कविताही त्यात आहे. संग्राहकाची भूमिका संग्रहानेच सांगावी, असा हा दुर्मीळ योग होय.

या बाडाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या लेखनात आहे. परंपरेने शिकलेला गेलिक कवी स्वतंत्र गेलिक लिपीवळण वापरीत असे, आणि त्याची लेखनपद्धती अनुच्चारित अक्षरे जपणारी, व्युत्पत्तीशी इमान राखणारी होती. ती बार्डांच्या घराण्यांत वर्षानुवर्षे शिकवली जाई. डीनने ती वापरलीच नाही. दस्तऐवज लिहिताना हाताला बसलेले स्कॉट्स वळण आणि स्कॉट्स भाषेची वर्णयोजना घेऊन त्याने गेलिक शब्द कानाला जसे ऐकू आले तसे उतरवले. परिणामी गेलिक जाणणाऱ्या विद्वानालाही पान वाचता येईना, आणि स्कॉट्स वाचणाऱ्याला अक्षरे लागूनही अर्थ लागेना. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ॲबर्डीनचा कवी-शिक्षक युअन मॅक्लॉक्लन याने त्याची नक्कल केली, ती कष्टाने. पुढच्या अभ्यासकांनी या लेखनाला ‘अशुद्ध’ म्हटले. परंतु शुद्ध लेखनाने जे झाकले असते ते याच लेखनात टिकले आहे : पर्थशायरमधील त्या काळच्या बोलीचा उच्चार. डीनचा अपराध भाषाशास्त्राच्या पथ्यावर पडला.

मॅक्फर्सनला हे बाड का उपयोगी पडले नसते, हे त्यातील वीरगीतांवरून स्पष्ट होते. बाडातील ओशीन हा फिनच्या पथकातला शेवटचा वृद्ध. तो संत पॅट्रिकच्या काळापर्यंत जगतो आणि सोबती गेल्याचे दुःख उगाळतो. पॅट्रिकबरोबरच्या संवादात जुन्या जगाची आणि ख्रिस्ती धर्माची ओढाताण येते, तीत विनोदही असतो. रचना अक्षरगणनेवर बांधलेल्या चार चरणांच्या कडव्यांची आहे. मॅक्फर्सनचा ओसिअन मात्र धुक्यात हरवलेला, धर्महीन, सतत उदात्त स्वरात बोलणारा. पॅट्रिकला त्याने उत्तरकालीन आयरिश भेसळ ठरवून बाहेर काढले. तो अठराव्या शतकाच्या अभिरुचीला खटकला असता, हेही खरे. डेरिक थॉमसन यांनी 1952 साली दाखवून दिले की, मॅक्फर्सनने खऱ्या गेलिक गीतांचा आधार घेतला होता. ती त्याने मोडली, जोडली, पसरवली. म्हणजे संपूर्ण बनावट हा आरोप टिकत नाही आणि भाषांतराचा दावाही टिकत नाही.

येथे ॲलन रॅमझीची आठवण अपरिहार्य आहे. एडिंबरोचा व्यापारी जॉर्ज बॅनाटाइन याने 1568 साली, प्लेगच्या दिवसांत, सुमारे चारशे कविता पाच भागांत लावून एक हस्तलिखित तयार केले. त्यावरून रॅमझीने 1724 साली ‘द एव्हर ग्रीन’ हा जुन्या कवितांचा संग्रह काढला. त्यात त्याने शब्द बदललेच; शिवाय डनबारच्या कवितेत स्वतःच्या जन्माचे भाकीत करणारी ओळी घुसडल्या आणि स्वतःची एक कविता पुरातन म्हणून खपवली. 1770 मध्ये लॉर्ड हेल्सने त्याच हस्तलिखितावरून नवी आवृत्ती करताना या ढवळाढवळीवर बोट ठेवले. पण रॅमझीला कोणी भामटा म्हटले नाही. कारण मूळ ग्रंथ राजधानीत होता, वाचता येण्याजोगा होता, आणि 1772 पासून तर ॲडव्होकेट्स लायब्ररीत होता. प्रक्षेप तोच, फरक पडला तो संग्रहालयाच्या दारापाशी. मॅक्फर्सनच्या बाबतीत केवळ माणूस संशयित ठरला नाही, एक अख्खी भाषा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

त्या भाषेची हस्तलिखिते विरळ का झाली, हा प्रश्न मागणी करणाऱ्यांनी विचारला नाही. 1616 मध्ये स्कॉटलंडच्या प्रिव्ही कौन्सिलने शाळांविषयीच्या आदेशात ही भाषा नाहीशी करण्याचा हेतू उघड नमूद केला होता. 1746 नंतर तर टोळीप्रमुखांचा आश्रयच संपला. (जॉन्सनला गेलिकचा शत्रू म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, गेलिक बायबलला विरोध करणाऱ्यांना त्याने 1766 मध्येच खडसावले होते.) 1800 साली लॉक्लन मॅकव्हुरिख याने दिलेली जबानी या संदर्भात वाचावी. त्याचे घराणे अठरा पिढ्या क्लॅनरॅनल्ड प्रमुखांचे कवी-इतिहासकार. तो स्वतः मात्र निरक्षर होता. वडिलांनी प्रमुखाच्या आज्ञेवरून ‘लाल पुस्तक’ मॅक्फर्सनला दिल्याचे त्याने सांगितले. आणि घरातली चर्मपत्रे शिंप्यांनी मापाच्या पट्ट्यांसाठी कापून नेल्याचेही. जी कातडी त्याच्याकडे उरली, तीही वाचता येत नसल्याने त्याला मोलाची वाटली नव्हती. अठरा पिढ्यांची विद्या मापाच्या पट्टीत संपते, तिथे ‘हस्तलिखित दाखवा’ हे वाक्य निव्वळ पाठचिकित्सेचे राहत नाही.

ही जबानी हायलँड सोसायटी ऑफ स्कॉटलंडच्या चौकशी समितीपुढे आली. हेन्री मॅकेन्झीच्या अध्यक्षतेखालील या समितीने 1805 साली अहवाल दिला : अशा गीतांची परंपरा निश्चित होती, पण मॅक्फर्सनच्या छापील काव्याशी नावाने आणि आशयाने जुळणारी एकही कविता मिळाली नाही. निष्कर्ष संयमी आणि बहुतांशी बरोबर होता. दरम्यान हिंदुस्थानात कंपनीच्या चाकरीत असलेल्या हायलँडरांनी ‘मूळ’ गेलिक ओसिअन छापण्यासाठी एक हजार पौंडांची वर्गणी धाडली होती. (मॅक्फर्सन स्वतःही पुढे लंडनमध्ये अर्काटच्या नवाबाचा वकील झाला होता.) ते मूळ 1807 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, छापून आले. ते इंग्रजीवरून गेलिकमध्ये उतरवलेले आहे, असे आता मान्य झाले आहे. मागणी इतकी जबर होती की भाषांतरापासून मूळ संहिता जन्माला आली.

डीनचे बाड मात्र तेव्हा समितीच्या कागदांतच होते. 1862 मध्ये टॉमस मॅक्लॉक्लन यांनी डब्ल्यू. एफ. स्कीन यांच्या प्रस्तावनेसह त्यातील निवडक भाग छापला. विसाव्या शतकातील संपादकांनी आपापल्या गरजेचे काढून घेतले : वॉटसन यांनी 1937 मध्ये स्कॉटिश कवी, नील रॉस यांनी 1939 मध्ये वीरगीते. ओसिअनच्या वादाने शोधायची वस्तू आधीच ठरवून दिली होती, त्यामुळे बाकीचे बराच काळ कडेला राहिले. त्यात 1513 मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडलेल्या ग्लेनऑर्कीच्या डंकन कॅम्बेलच्या अश्लील, खट्याळ रचना होत्या. विल्यम गिलीज यांनी त्यांचे संपादन केले ते 1970 नंतर. पंधराव्या शतकातील एफ्रिक या कवयित्रीने पती निअल मॅकनील याच्या जपमाळेला उद्देशून केलेला विलापही याच पानांत आहे, अर्गाइलच्या काउंटेस इझाबेलच्या नावावरील कविताही आहेत आणि स्त्रीनिंदेची पदेही आहेत. वीरांच्या शोधात निघालेल्यांनी ज्यांच्यावरून नजर फिरवली, त्या या कविता एका धर्मोपदेशकाने ओशीन-पॅट्रिकच्या संवादांसारख्याच निगुतीने, त्याच कानाने लिहिलेल्या वर्णयोजनेत उतरवून ठेवल्या आहेत.