दारू बदलली, रायफल तीच राहिली



वापरून झालं की हत्यार पुसून ठेवायचं, हे आपल्याकडे कुणी वेगळं शिकवत नाही. मग ते कोळपं असो, फवारणीचा पंप असो, नाहीतर पीक राखायला परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक असो. पण अमेरिकेच्या सैन्याकडून हीच गोष्ट सुटली आणि तिची किंमत जवानांनी जिवानं मोजली. आज तो इतिहास लिहितोय.

यूजीन स्टोनर या माणसानं एक हलकी रायफल बनवली. पुढं तिचं नाव एम-१६ पडलं. १९६५ पासून ती व्हिएतनाममध्ये जवानांच्या हातात मोठ्या प्रमाणावर गेली. भातखाचरं, चिखल, पाऊस आणि दमट हवा, असा तो मुलूख. तिथं ही रायफल ऐन चकमकीत अडकू लागली. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी आतच चिकटून बसायची. मग जवान नळीत पुढून सळई घालून ती ठोकून काढायचा. समोरून गोळीबार सुरूच.

साहेब लोक म्हणाले, पोरं रायफल साफ ठेवत नाहीत. आता गंमत बघा. या रायफलीला साफसफाई फारशी लागतच नाही, असा समज आधी पसरलेला होता. साफ करायचं सामान आणि शिकवण, दोन्ही पुरेसं पोचलंच नव्हतं. त्यात १९६४ मध्ये काडतुसातली दारू बदलली होती. नव्या दारूनं काजळी जास्त धरायची आणि गोळ्या सुटायचा वेगही वाढायचा. रायफल बेतली होती जुन्या दारूवर. शिवाय काडतूस बसतं त्या जागेला आतून क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळं दमट हवेत ती गंजायची.

मॅगझिनचंही तसंच. पातळ ॲल्युमिनियमचं, २० गोळ्यांचं. गच्च भरलं की स्प्रिंगवर ताण येतो, म्हणून बरेच जवान १८च गोळ्या भरायचे. वरची ओठासारखी कड जरा वाकली तरी गोळी नीट वर चढत नाही. हे शहाणपण पोरांनी वापरातूनच मिळवलं.

जवानांनी घरी पत्रं लिहिली, ती वर्तमानपत्रांपर्यंत गेली. १९६७ मध्ये खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या समितीनं चौकशी केली. दारूगोळ्यातला दोष वेळेत दुरुस्त न करणं हा जवळजवळ गुन्ह्याइतका हलगर्जीपणा आहे, असं समितीनं अहवालात लिहिलं. पुढं मुलामा आला, साफसफाईचं सामान पोचलं. चित्रकार विल आयस्नर यांच्या चित्रांची एक पुस्तिकाही निघाली. रायफल कशी सांभाळायची ते जवानांनी चित्रकथा वाचावी तसं वाचलं. मग तीच रायफल भरवशाची ठरली आणि तिचे सुधारित प्रकार पुढं कित्येक वर्षं वापरात राहिले.

मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. एखादी वस्तू बिघडली की वापरणाऱ्याला दोष देणं सगळ्यात सोपं असतं. पण आधी तीन गोष्टी विचाराव्या: मधे काय बदललं? बदललेलं आपल्या हवेत, आपल्या चिखलात तपासलं का? आणि ते सांभाळायचं कसं, हे वापरणाऱ्याला सांगितलं का?

बियाणं असो, औषध असो की यंत्र, विकणाऱ्याला हे तीन प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. तुम्ही विचारता का? खाली जरूर लिहा.