परमुलखातील शिक्षक : साने गुरुजी आणि खानदेश

परक्या शहरी अध्यापनासाठी जाऊन तेथे स्थिरावणे ही गोष्ट वाटते तितकी सुलभ नसते. धर्मानंद कोसंबी १९२९ साली पाली भाषा शिकविण्यासाठी लेनिनग्राडला गेले, तेव्हा भाषा, अन्न, हवा, सारेच त्यांना परके होते. परंतु परदेश हा नेहमी समुद्रापलीकडेच असतो असे नाही. सह्याद्री ओलांडून खानदेशात येणाऱ्या कोकणी माणसालाही तो भेटतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. दापोली, औंध, पुणे अशी शिक्षणाची वणवण करून ते तत्त्वज्ञानाचे एम. ए. झाले आणि अधिक अध्ययनासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. प्रताप शेटजींच्या औदार्याने १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत ग्रंथ होते, स्वास्थ्य होते. परंतु नुसत्या तत्त्वचर्चेत या तरुणाचे मन रमेना. १९२४ साली त्यांनी तेथीलच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी पत्करली.

अमळनेर हे बोरी नदीकाठचे, सखाराम महाराजांच्या वारकरी परंपरेचे आणि कापडगिरणीचे गाव. भात व नारळ यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला येथे काळी जमीन, कपाशीची शेते, ज्वारीबाजरीची भाकरी आणि उन्हाळ्यातील धगधगती हवा भेटली. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या तोंडी अहिराणी होती; पुण्याच्या पुस्तकी मराठीहून तिचे वळण अगदी निराळे. अशा ठिकाणी पगार घेऊन तास भरणारा शिक्षक वर्षानुवर्षे राहिला तरी पाहुणाच राहतो.

साने यांचे पाहुणेपण संपविले ते छात्रालयाने. तेथील मुलांची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा शिस्तीचा वेताचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी दुसरा निवडला. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, विस्कटलेले कपडे घडी करीत आणि आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. आपल्या खोलीचा केर शिक्षकाने काढलेला पाहून मुले ओशाळत आणि पुढे आपण होऊन झाडू हाती घेत. जोडीला ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे, मुलांच्या चुका आणि त्यांचे कौतुक, असे सारे स्वहस्ते लिहून ते मुलांना वाचावयास देत. घर सोडून आलेल्या मुलांना त्यांनी घर दिले, आणि त्या मुलांनी त्यांना गाव दिले.

म्हणूनच एप्रिल १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली, तो प्रसंग साधा राजीनाम्याचा नव्हता. मोठ्या कष्टाने मिळालेले घर ते आपण होऊन सोडीत होते. धुळ्याच्या आणि पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. त्रिचनापल्लीस दक्षिणेकडील नाना भाषा बोलणारे सोबती लाभले. तमिळमधील तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरल’चे मराठी रूपांतर त्यांनी त्याच कारावासात केले. १९३२ साली धुळ्याच्याच तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेवरील अठरा प्रवचने दिली. ती उतरून घेणारी लेखणी साने गुरुजींची होती. शिकविण्यास आलेला शिक्षक येथे पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्रास मिळाला.

पुढे डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, तेव्हा या कोकणी माणसाने खानदेशची खेडी पायाखाली घातली. १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढून त्यांनी शेतकरी व कामगार यांची दुःखे वेशीवर टांगली. आता त्यांना कोणी परका म्हणत नव्हते. आणि तरीही १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त त्यांनी रंगविले ते कोकणच. नवे गाव आपले करण्यासाठी जुने गाव विसरावे लागत नाही, याचे याहून बोलके प्रमाण मिळणार नाही.

१९४९ च्या पुण्याच्या साहित्यसंमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार मांडला : भारतातील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात आणि परस्परांच्या घरी आपलेपणाने नांदावे. ११ जून १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले. ही कल्पना तेव्हा अपुरीच राहिली होती. परंतु तिचा उगम शोधू गेल्यास पाऊल अमळनेरच्या छात्रालयाकडे वळते. तेथे एक परमुलखातील शिक्षक भल्या पहाटे दुसऱ्यांच्या मुलांचे कंदील पुशीत बसे.