मुक्काम पोस्ट: वावर

गेल्या डिसेंबरात मी पुण्याहून गावी आलो तो भाड्याची कॅरव्हॅन घेऊन. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी. आत दोन बेड, छोटा ओटा, छपरावर सोलर पॅनेल. आणि ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला ती, म्हणजे संडास.

आजी ८३ वर्षांची आहे. हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव तिनं सहा वर्षांत सोडलं नव्हतं. विचारलं की गुडघ्यांकडे बोट दाखवायची. खरं कारण आईनं सांगितलं. प्रवासाला निघायचं असलं की आजी आदल्या दिवसापासून पाणी प्यायचं बंद करायची, कारण वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं? एकदा याच पायी एसटीत चक्कर येऊन पडली आणि मग तिनं प्रवासच सोडला. तिची एकच इच्छा राहिली होती, गिरडला जायची.

गाडी अंगणात लावली. आजीनं आत डोकावून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे त आपली दमणीच हाये रे बाबू. बैल कुठी हायेत?"

मी हसलो. पुढचे कित्येक दिवस मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दमणी पाहिली नसेल. आमच्याकडे ओझं वाहते ती बंडी आणि माणसं नेते ती दमणी. हलकी, वरून आच्छादलेली, खाली कडब्याची गादी, त्यावर सतरंजी. आजी लहानपणी तिच्यात बसून गिरडला गेली होती. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. बैलांची चाल तासाला तीन-चार किलोमीटर. मागच्या बंडीत कुटार, पीठ, वांगी, गोवऱ्या. मुक्कामाला गोवऱ्या पेटवून त्यात रोडगे भाजायचे. आज ज्याला कॅम्पिंगचा बार्बेक्यू म्हणून पैसे घेतात, त्याची ही जुनी आवृत्ती, आणि चवीला कितीतरी सरस.

या गाड्यांचं इंजिनही इथलंच होतं. आर्वीकडच्या भागातली गवळाऊ जात पांढरी, सडपातळ आणि पळायला तेज. मराठ्यांच्या फौजा झटपट वाहतुकीसाठी हे बैल वापरत. आजी अजूनही बैलाचं कौतुक करते ते त्याच्या ताकदीचं नाही, चालीचं.

पण त्या प्रवासात गाडी ही दुय्यम गोष्ट होती. एक बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. दोन गाड्यांचे चार बैल धरले तर एवढं पाणी बरोबर नेणं शक्यच नाही. म्हणून वाट ठरायची ती विहिरींवरून. कुठल्या विहिरीला पाणी आहे, कुठल्या आमराईत सावली आहे, कोणत्या गावातला पाटील बरा आहे, हे आजीच्या वडलांना पाठ. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर साधं होतं, नेटवर्क तगडं होतं.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. तिथं हिंदूही जातात, मुसलमानही. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. गोष्ट अशी सांगतात की दोन फिरत्या बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तर त्यांच्या मालाचे दगड झाले. त्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून नवा माल करून दिला. मग ते दोघे तिथंच राहिले आणि त्यांच्या कबरीही तिथंच दाखवतात. मला या गोष्टीतलं आवडतं ते असं की तिच्यातली महत्त्वाची माणसं वाटेवरची आहेत.

रेल्वेच्या आधी धान्य आणि मीठ देशभर न्यायचे ते हेच बंजारे, बैलांच्या पाठीवर लादून. त्यांचा तांडा म्हणजे चालतं गाव. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या कापसाला आगगाडी मिळाली आणि लदेणीचा धंदा बसला. त्याच सुमाराला, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारनं क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला आणि पुढं देशातल्या अनेक भटक्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

गंमत बघा, याच काळात साहेबही तंबूतच राहत होता. मध्य प्रांतातले जिल्हाधिकारी हिवाळाभर दौऱ्यावर असायचे. तंबूंचे दोन संच. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा पुढच्या गावी रवाना व्हायचा. टेबल, खुर्ची, कागदपत्रं, खानसामा, सगळं बैलगाड्यांवर. गावानं दूध, चारा, लाकूडफाटा आणि बेगारीला माणसं पुरवायची. रात्र दोघंही तंबूतच काढायचे. फरक एवढाच की साहेब उतरला की तो कँप, आणि भटक्यानं पाल ठोकलं की पोलिसांचा फेरा.

आमच्या जिल्ह्यात मुक्कामाचा आणखी एक इतिहास आहे. मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले आणि तेलंगणात गेले. एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. मग ते चालतच राहिले. पवनारला परतले १९६४ साली. तेरा वर्षं रोज नवा पडाव. त्यांच्या जमीनवाटपाच्या यशापयशावर वाद घाला, घालायलाच हवा. पण अनोळखी गावं एका माणसाला आणि त्याच्याबरोबरच्या जथ्याला तेरा वर्षं आसरा देत राहिली, हे मला राहूनराहून आठवतं.

आणि बाबा आमटे. जन्म हिंगणघाटचा, २६ डिसेंबर १९१४. मणक्याच्या आजारामुळं त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. १९८५ मध्ये भारत जोडो यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली तेव्हा तरुण मुलं-मुली सायकलींवर होती आणि सत्तरीतले बाबा गाडीत पलंगावर झोपून. आपण व्हॅनलाइफ म्हटलं की तळ्याकाठी कॉफी पिणारं जोडपं डोळ्यांसमोर आणतो. इथं चाकावरचा पलंग हौसेखातर नव्हता, त्याच्याशिवाय जाताच येत नव्हतं. आजीला गाडीत आडवं केलं तेव्हा मला त्यांची आठवण झाली.

आता आजच्या काळात येऊ. कोविडनंतर कॅम्पिंग एकदम वाढलं. पवना धरणाच्या काठावर शनिवारी रात्री तंबूंची वस्तीच उभी राहते. तंबू, गादी, जेवण, म्युझिक, सगळं बुकिंगमध्येच. तंबू ठोकायचाही नसतो, तो आधीच ठोकलेला असतो. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरव्हॅनच्या प्रकारांबरोबर कॅरव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. गाडी लावायला जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय. कागदावर हे बरोबर आहे, कारण गाडीइतकाच मुक्काम महत्त्वाचा हे धोरण लिहिणाऱ्याला कळलेलं दिसतं. आमच्या वाटेवर मात्र असा एकही पार्क मला सापडला नाही.

रस्ता मात्र सापडला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. मी शिर्डीजवळ चढलो आणि येळाकेळीला उतरलो. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये शेकडो गावं, आणि एकाही गावात शिरता येत नाही. दुचाकीला बंदी आहे तिथं बैलगाडीची काय कथा. मी तक्रार करत नाहीये, एवढ्या लवकर घरी मी आधी कधीच पोचलो नव्हतो. पण त्या रस्त्याला मुक्काम हा शब्दच माहीत नाही.

गिरडला आम्ही जाम, समुद्रपूर करत दोन तासांच्या आत पोचलो, तेही आजीसाठी गाडी सावकाश चालवत. दर्शन झालं. आजी खूश. आता रात्री बाहेरच राहायचं, असा तिचाच हट्ट होता, कारण "गिरडले गेलो अन् रात्री घरी आलो, हे काय जाणं झालं?"

एका जलाशयाच्या काठी थांबलो. अर्ध्या तासात चौकीदार आला. गाडी इथं लावता येणार नाही. आजी आजारी आहे म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, मले वरून बोलतीन." मग पेट्रोल पंप. त्यांनी हो म्हटलं, पण रात्रभर ट्रक, हॉर्न आणि डोळ्यांत जाणारा उजेड. दहा वाजता तिथूनही निघालो. पाण्याची टाकी भरलेली, बॅटरी ८० टक्के, फ्रिजमध्ये दूध. अठराशे रुपयांचं डिझेल टाकलेलं. आणि उभं राहायला दहा बाय वीस फूट जागा नाही.

शेवटी एका वावरात शेकोटी दिसली. तो कच्छी रबाऱ्यांचा डेरा होता. हे लोक उंट आणि मेंढ्या घेऊन विदर्भभर फिरतात. सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरात मेंढ्या बसवलेल्या, खाटा टाकलेल्या, एका खाटेवर कोकरू आणि पोर एकाच गोधडीत. शेताचे मालक काका तिथंच शेकत बसले होते. मी थांबू का म्हणून विचारलं.

"थांब न. पन हे लोक थांबते त याह्यच्या मेंढ्या वावराले खत देते. तुह्या गाडीत काय हाये देण्यासारखं?"

ते थट्टेत म्हणाले. पण माझ्या गाडीत नेमकं काय होतं ते मला माहीत होतं. संडासाची टाकी, निळं रसायन घातलेली, निम्मी भरलेली. ती कोणाच्या वावरात ओतता येणार नव्हती, ती रिकामी करायला मला घरच्या संडासापर्यंत परत न्यावी लागणार होती. आजीच्या वडलांचे बैल जिथं बसायचे तिथं शेण पडायचं, आणि ते कोणालाही नको नसायचं. रबाऱ्यांचा मुक्काम अजूनही त्याच हिशोबावर चालतो. माझी गाडी कोणाकडून काही घेत नव्हती म्हणून मला ती फार स्वावलंबी वाटत होती. कोणाला द्यायलाही तिच्याकडे काही नव्हतं, हे तोवर लक्षात आलं नव्हतं.

पैसे काकांनी घेतले नाहीत. आजीनं मात्र डबा उघडून त्यांना आणि डेऱ्यातल्या बायांना घरचे लाडू दिले. मग माहेर कोणतं, गाव कोणतं असं करत करत काकांची मावशी आजीच्या माहेरच्या गावात दिलेली निघाली. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

सकाळी डेऱ्यातली एक बाई गाडी बघायला आली. आजीनं तिला बेड दाखवले, गॅस दाखवला, शेवटी संडासाचं दार उघडून बटण दाबून दाखवलं. पाण्याचा आवाज झाला तशा दोघी तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत राहिल्या. भाषा एकीची दुसरीला धड येत नव्हती.

निघताना आजीनं मला विहिरीवरून पाणी आणायला लावलं आणि आख्खा तांब्या उभ्याउभ्या रिकामा केला.