उंची जेमतेम ३०० मीटर, तरी दमछाक का? पेण-रोह्याच्या गडांवर जाण्याआधी हे वाचा

पेणजवळच्या रामवाडीतून सकाळी निघालं की सांकशी किंवा रोह्याजवळचा अवचितगड एका दिवसात करता येतो. अवचितगड जेमतेम ३०० मीटर उंच. रीलमध्ये तो अर्ध्या मिनिटात सर होतो, त्यामुळे अनेकजण पाण्याची एकच बाटली घेऊन निघतात. खरी अडचण इथूनच सुरू होते.

हा सगळा मुलूख ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. या थरांच्या पायऱ्यांसारख्या रचनेमुळेच त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणजे जिना. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून तिथे घसारा साचतो. म्हणून वाट मधूनच अंगावर येते आणि उतरताना पाय सरकतो. झिजलेल्या तळव्यांचे स्पोर्ट्स शूज इथे उपयोगाचे नाहीत.

त्यात कोकणातली दमट हवा. घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. उन्हात काळा कातळ तापतो तो वेगळाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा. तेव्हाही उजाडताच चढायला लागावं आणि ऊन तापायच्या आत उतरणीला लागावं.

पाणी किती न्यायचं?

माणशी किमान तीन लिटर, तेही प्रत्येकाने आपापल्या पाठीवर. गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत, पण ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. नुसतं पाणी पीत राहणंही पुरेसं नाही, घामातून मीठ जातं. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, अंदाजपंचे नको.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर तो ‘दमलाय’ असं समजू नका. घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. गड तिथेच संपला, शिखर दहा मिनिटांवर असलं तरी.

वाट चुकणं ही दुसरी मोठी भीती. अवचितगडाच्या दाट झाडीत ढोरवाटा मळलेल्या वाटेइतक्याच ठळक दिसतात. पिंगळसई किंवा मेढ्यातून गावातलाच वाटाड्या घ्यावा. त्याचे पैसे वाचवण्यात शहाणपणा नाही. रेंजवर विसंबू नका, नकाशा आधीच डाउनलोड करा. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी सांगून ठेवा. ती वेळ टळली की घरच्यांनी ११२ ला कळवायचं, हेही आधीच ठरवा.

कपारीत न बघता हात घालू नका, तिथे फुरसं असू शकतं. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर आणि ड्रोन तिन्ही बंद. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर चढणं सोपं वाटतं. अडकायला होतं ते उतरताना.